रक्तपिशाचाचे भय : पडद्यावरचे आणि गावातले

(नागपुरात सदर येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. कापसाचा भाव, पीककर्ज आणि कंत्राटी कामगार हे प्रश्न उभे असताना भयपटांतील रक्तपिशाचांवर अभ्यासवर्गात वेळ का घालवायचा, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की आपण आपल्या भाषणांतून 'रक्तपिपासू' हा शब्द गेली कित्येक वर्षे वापरीत आलो आहोत. रक्तपिपासू सावकार, रक्तपिपासू भांडवलदार, जनतेचे रक्त शोषणारी व्यवस्था. हे शब्द आता इतके गुळगुळीत झाले आहेत की सभेत ते उच्चारले असता कोणाच्या अंगावर काटा उभा राहत नाही. उलट त्याच सभेतला माणूस चित्रपटगृहात जातो आणि पडद्यावर एक फिकट चेहऱ्याचा, काळा झगा घातलेला गृहस्थ जिना उतरताना पाहून खुर्चीचे हात घट्ट धरतो. जे भय खोट्या गोष्टीने निर्माण होते ते आपल्या खऱ्या गोष्टीने का होत नाही, याचा विचार करणे हे राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की रक्तपिशाच मुळात सरदार किंवा उमराव नव्हता. १७२० ते १७३० च्या दशकांत सर्बियाच्या खेड्यांतून, म्हणजे त्या वेळच्या ऑस्ट्रियन अंमलाखालच्या मुलखातून, अशा बातम्या आल्या की मेलेली माणसे थडग्यातून उठून शेजाऱ्यांचे रक्त पितात. ही मेलेली माणसे सामान्य शेतकरी होती. साथ आली, माणसे पटापट मरू लागली, की जो आधी मेला त्याच्यावर संशय घ्यायचा, त्याचे प्रेत उकरायचे, छातीत खुंटी ठोकायची आणि जाळून टाकायचे, असा प्रकार होता. सरकारी वैद्य पाठवून चौकश्या झाल्या. अखेर १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपल्या वैद्याच्या अहवालावरून अशी प्रेते उकरण्यास बंदी केली. म्हणजे लोककथेतले भय हे गरिबाने गरिबाविषयी बाळगलेले भय होते. कारण कळत नव्हते, म्हणून शेजारी सापडला.

पुढे साहित्याने या पिशाचाचा वर्ग बदलला. अठराव्या शतकातच व्हॉल्तेअरने उपरोधाने लिहिले होते की खरे रक्तशोषक थडग्यांत राहत नाहीत, ते पॅरिस आणि लंडनच्या सट्टेबाजांत आणि दलालांत दिवसाढवळ्या वावरतात. १८१९ साली पॉलिडोरी या इंग्रज लेखकाच्या कथेत रक्तपिशाच प्रथम लॉर्ड म्हणून अवतरला. १८९७ साली ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी आली आणि तेव्हापासून रक्तपिशाच म्हणजे काउंट, म्हणजे जमीनदार, हे समीकरण कायम झाले.

या कादंबरीतील काही तपशील आपण कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक वाचावेत असे आहेत. काउंट ड्रॅक्युला हा लंडनमध्ये जमीनजुमला विकत घेतो. तो व्यवहार तो वकिलामार्फत, रीतसर कागदपत्रे करून करतो. इंग्लंडचा कायदा, रिती आणि रेल्वेचे वेळापत्रक यांचा त्याने अभ्यास केलेला आहे. एका प्रसंगी त्याच्यावर सुऱ्याचा वार होतो. तो अंगाला न लागता कपड्याला लागतो आणि त्या फाटलेल्या कपड्यांतून नोटा आणि सोन्याची नाणी खाली पडतात. स्टोकर काही समाजवादी नव्हता, लंडनच्या एका नाटकगृहाचा तो व्यवस्थापक होता. तरीही त्या काळच्या वाचकाच्या मनातले भय कोठे दडले आहे हे त्याला अचूक उमगले होते.

चित्रपटांनी ही आकृती जगभर नेली. १९२२ साली मूर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने 'नॉस्फेराटू' काढला. परवानगी न घेता कादंबरीचा आधार घेतल्याबद्दल स्टोकरच्या विधवेने दावा केला आणि प्रती नष्ट करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. तरी काही प्रती वाचल्या. १९३१ साली अमेरिकेत 'ड्रॅक्युला' निघाला. त्यातील काउंटची भूमिका करणारा बेला लुगोसी हा हंगेरीचा नट होता. १९१९ साली बेला कुनच्या अल्पजीवी सोव्हिएत राजवटीत त्याने नटांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला होता आणि ती राजवट कोसळल्यावर त्याला देश सोडावा लागला. पडद्यावर आयुष्यभर उमराव पिशाच म्हणून ओळखला गेलेला हा माणूस मुळात आपल्याच चळवळीचा परागंदा कार्यकर्ता होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५८ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर ली याने तीच भूमिका रंगीत चित्रपटात केली आणि रक्त प्रथमच लालभडक दिसले.

आपल्याकडे हे काम रामसे बंधूंनी केले. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेले हे कुटुंब. सात भाऊ, आणि चित्रपटाची बहुतेक सारी कामे घरातच वाटून घेतलेली. १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे', १९८४ साली 'पुराना मंदिर', १९८८ साली 'वीराना' असे त्यांचे चित्रपट आले. १९९० च्या 'बंद दरवाज़ा' मध्ये त्यांनी शवपेटीत निजणारा आणि वटवाघळाचे रूप घेणारा नेवला नावाचा अस्सल रक्तपिशाच उभा केला. सुशिक्षितांनी या चित्रपटांची टवाळी केली. परंतु एकपडदा चित्रपटगृहांच्या पुढच्या रांगांत बसणाऱ्या प्रेक्षकांनी त्यांना उचलून धरले. 'बंद दरवाज़ा' मध्ये मूल होत नाही म्हणून ठाकुराच्या घरातली स्त्री स्वतः नेवल्याकडे जाते आणि मुलगी झाली तर ती त्याची, असा करार होतो. ही भीती रक्ताइतकीच कराराची आहे, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. रक्तपिशाच भयंकर का वाटतो? त्याच्या सुळ्यांमुळे वाटतो असे आपण समजतो, पण ते खरे नाही. वाघाचे दात त्याहून मोठे असतात. वाघाच्या भयात कपट नसते. रक्तपिशाचाच्या भयाची कारणे चार आहेत असे मला वाटते.

पहिले कारण हे की तो सभ्य आहे. त्याचे बोलणे मार्दवाचे, आतिथ्य उत्तम, घराणे जुने. त्याच्या हाती पाहुणा सापडतो तो जेवणाच्या मेजावर.

दुसरे कारण असे की तो बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडू शकत नाही. त्याला आत घेणारा हात घरातलाच असतो. म्हणून प्रेक्षक पडद्याकडे पाहून मनात ओरडतो, दार उघडू नकोस. आणि दार उघडले जाते. इतर राक्षस दार फोडून येतात, त्यांच्यापुढे माणूस निर्दोष तरी असतो. येथे तो समाधानही त्याच्यापाशी उरत नाही.

तिसरे कारण, आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही. परिणाम दिसतात, मानेवरच्या दोन खुणा दिसतात, माणूस दिवसेंदिवस फिकट पडताना दिसतो, वैद्याला रोगाचे नाव सापडत नाही, पण ज्याने हे केले तो मात्र दिसत नाही.

चौथे आणि सर्वांत भीषण कारण हे की तो ज्याला दंश करतो त्याला तो आपल्यासारखाच करून सोडतो. मरण हा येथे शेवट नसतो. कालपर्यंत जी बहीण होती ती उद्या रात्री भावाच्या खिडकीशी येऊन उभी राहते, आणि तिचाच आवाज ऐकून तो खिडकी उघडतो.

आपल्या मराठी भुतांशी ताडून पाहा. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा. अळवंत म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. गिरा म्हणजे बुडून मेलेला. म्हणजे आपली बहुतेक भुते ही अन्याय झालेल्यांची, अपुऱ्या राहिलेल्यांची भुते आहेत. त्यांना काही द्यायचे राहून गेलेले असते. वेताळाचे भाषांतर रिचर्ड बर्टनने १८७० साली इंग्रजीत 'व्हॅम्पायर' असे केले खरे, पण आपला वेताळ प्रेतात शिरून राजाला न्यायाचे प्रश्न विचारतो, आणि कोकण-गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. रक्त पिऊन गब्बर होणारा, वाड्यात राहणारा मृत धनी हा आपल्या भुतांच्या यादीत ठळकपणे नव्हता. त्याच्यासाठी आपल्या शेतकऱ्यांनी जळू आणि गोचीड हे शब्द राखून ठेवले होते, कारण ते त्यांना जिवंत माणसांसाठी लागत होते.

ही उणीव अलीकडे ज्या चित्रपटाने भरून काढली तो 'तुंबाड' होय. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ साली आला. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात मुक्कामी असताना एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि त्या भीतीतून या चित्रपटाचे बीज पडले, असे बर्वे यांनी सांगितले आहे. तेव्हा या कोकणातल्या गोष्टीचा एक धागा आपल्या विदर्भाच्या जंगलातून निघतो. १९१८ ते १९४७ या काळात घडणाऱ्या या कथेतला हस्तर हा देवीचा लोभी पुत्र आहे. त्याला सोने मिळाले पण धान्य मिळाले नाही, म्हणून तो कायम भुकेला. वाड्याखालच्या गर्भात उतरून, पिठाची बाहुली दाखवून त्याच्या कमरेची नाणी लुटायची, ही विद्या बाप मुलाला शिकवतो. हस्तरचा दंश झालेला माणूस मरत नाही, सडत राहतो. येथे भयाचे स्थान किती योग्य जागी ठेवले आहे पाहा. गर्भातला हस्तर आपणहून बाहेर येऊन कोणाला त्रास देत नाही. माणसेच त्याच्याकडे जातात, आणि दर पिढीत आधीच्या पिढीहून अधिक नाण्यांचा हिशेब मनात धरून जातात.

मित्रहो, कार्ल मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथाच्या १८६७ साली निघालेल्या पहिल्या खंडात भांडवलाला रक्तपिशाचाची उपमा दिली, हे आपण जाणता. ती उपमा कामाच्या दिवसावरील प्रकरणात ठळकपणे येते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. मार्क्सच्या मते भांडवल म्हणजे साठलेले, मृत झालेले श्रम, आणि ते जिवंत श्रम ओढून घेऊनच जगते. दिवस अपुरा पडला की ते रात्रपाळी मागते. तो भांडवलदाराला दुष्ट म्हणून शिवी देत नव्हता, तर एक यंत्रणा कशी चालते ते सांगत होता. मालक सज्जन असला तरी यंत्रणा तीच राहते.

याचे उदाहरण आपल्या शहरातच आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी तेथे फार लवकर आल्या, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीही त्याच १८७७ साली तेथे वेतनासाठी झालेला संप देशातील पहिल्या संपांत गणला जातो. कामाचे तास कायद्याने कमी व्हायला अनेक दशके लागली. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषांचे तास १२ वर आले, १९२२ साली ११, १९३४ साली १०, आणि १९४८ च्या कायद्यात दिवसाचे ९ व आठवड्याचे ४८. प्रत्येक तासामागे लढे आहेत. ती मिल २००२ साली बंद पडली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा कायम आहे, जादा कामाचे पैसे मिळतील, कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगितले गेले. संमती घेतली जाईल, हे शब्द नीट ऐका. उंबरठ्यावर उभा राहून आत येऊ का असे विचारणाऱ्याची गोष्ट आपण आताच पाहिली. ज्याच्या घरात उद्याची भाकरी नाही त्याची संमती मिळवायला फार गोड बोलावेही लागत नाही.

सावकारीचेही तेच. जुना सावकार गावाला दिसत होता. आज मोबाइलवरील कर्जाचे अॅप दोन मिनिटांत पैसे देते आणि त्यासाठी फक्त परवानगी मागते, आपल्या ओळखीच्या सर्वांचे नंबर पाहण्याची. हप्ता थकला की त्या सर्वांना फोन जातात. या प्रकाराला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये नियम करून संपर्कयादी पाहण्यास मनाई करावी लागली. येथेही दार घरातल्याच बोटाने उघडले जाते आणि आरशात कोणी दिसत नाही. तसेच लघुवित्त कंपन्यांचे संयुक्त जबाबदारीचे गट पाहा. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या बायांनी तो भरायचा. म्हणजे वसुलीसाठी कंपनीला माणूस ठेवावा लागत नाही. शेजारीणच शेजारणीच्या दारात जाऊन बसते. ती वाईट नसते, तिलाही दंश झालेला असतो. रक्तपिशाचाचे चौथे लक्षण ते हेच.

आता एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. भय हे दुधारी शस्त्र आहे. ज्या समाजाला आपले रक्त कोण पितो ते दिसत नाही, तो समाज कोणाचे तरी तोंड त्या जागी बसवतो. नाझींनी संपूर्ण ज्यू समाजाला रक्तशोषक ठरवून चित्रे आणि चित्रपट काढले, आणि त्याची परिणती जगाने पाहिली. आपल्याकडे हे विष निराळ्या बाटलीत मिळते. जात, धर्म, परप्रांत, असे कोणतेही लेबल त्यावर चालते. आणि खेड्यात तर ते अजून सर्बियाच्या पहिल्या पायरीवर आहे. २०२१ साली चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्धांना व स्त्रियांना चौकात बांधून मारहाण झाली. रोग आला, कारण कळले नाही, शेजारी सापडला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर डिसेंबरात याच शहरातल्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. मारिया थेरेसाच्या बंदीनंतर २५८ वर्षांनी, आणि तोही एका माणसाच्या रक्ताची किंमत देऊन. तेव्हा 'रक्तपिपासू' हा शब्द उच्चारताना तो कोणत्या दिशेने जाईल याची जबाबदारी आपल्यावर आहे.

या बाबतीत आपल्याच शेतकऱ्यांनी एक धडा घालून दिलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसांना हात लावला नाही. त्यांनी मागितले ते कर्जाचे दस्त आणि जाळले ते दस्त. अक्षरशत्रू म्हणून ज्यांना हिणवले जाई त्या कुणब्यांना हे कळले होते की आपले रक्त सावकाराच्या दातांनी नव्हे, कागदाने जाते. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. भयपटात छातीत खुंटी ठोकली की काम संपते, दिवे लागतात आणि लोक घरी जातात. प्रत्यक्षात एक सावकार गेला तरी व्याज जात नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांनी योग्य ठिकाणी खुंटी ठोकली होती, म्हणूनच राज्यकर्त्यांना ती लागली.

यातून आपल्या कामासाठी तीन गोष्टी निघतात. एक, आपल्या भाषणांतून सुळ्यांचे वर्णन कमी करा आणि निमंत्रणाचे वर्णन करा. सभेतल्या माणसाला शत्रू किती क्रूर आहे हे ऐकवण्यापेक्षा तो आपल्या घरात कोणत्या सहीने, कोणत्या अंगठ्याने, कोणत्या हप्त्याने शिरला हे दाखवा. दोन, ज्याला दंश झाला आहे त्याला शत्रू समजू नका. वसुलीला जाणारा तरुण, गटाची प्रमुख बाई, कंत्राटदाराचा मुकादम हे आपलेच लोक आहेत आणि त्यांना परत आणता येते. तीन, कागद वाचायला शिका आणि शिकवा. प्रत्येक वस्तीत दर आठवड्याला एक संध्याकाळ तरी अशी असावी की लोकांनी आपापले कर्जाचे करार, कंत्राटी कामाची पत्रे आणि मोबाइलवरचे व्यवहार घेऊन यावेत आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ते मोठ्याने वाचून, मराठीत समजावून सांगावेत.

रक्तपिशाचाला सूर्यप्रकाश सोसत नाही, ही कल्पना लोककथेतली नव्हे. स्टोकरचा काउंटसुद्धा दिवसा हिंडू शकतो. उजेडाने तो मरतो हे १९२२ च्या त्या मूक चित्रपटाने रूढ केले, आणि लोकांना ते इतके पटले की पुढे तोच नियम झाला. चित्रपटवाल्यांना ही सोय होती, आपल्याला नाही. आपला शत्रू भर उजेडात, कचेरीच्या वेळेत काम करतो. त्याच्या कागदावर उजेड पाडण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. त्याची सुरुवात या आठवड्यात सदरमधल्या एखाद्या वस्तीतून करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.